सामानाजवळ कोण बसणार?

अकरा बायका, बावीस गुडघे, आणि बावीसच्या बावीस दुखरे.

मार्च महिना होता. माझ्या टेबलावर अलास्का क्रूझच्या ग्रुपचे फॉर्म पडले होते आणि मी ते तिसऱ्यांदा चाळत होते. अकरा जोडपी होती. पुरुषांच्या फॉर्मवर ‘मेडिकल’च्या रकान्यात कुणाचं बीपी, कुणाची शुगर, एकाला काहीच नाही, असं वेगवेगळं लिहिलेलं होतं. बायकांच्या सगळ्या फॉर्मवर मात्र एकच मजकूर: ‘नी प्रॉब्लेम’. त्याखाली ‘ॲक्टिव्हिटी लेव्हल’मध्ये ‘ईझी’. आणि ‘शू साइज’मध्ये अकराही जणींचा पाय सहा नंबरचा.

सगळ्यात वरचा फॉर्म सौ. शुभा देवधर यांचा होता. या बाईंना मी ओळखत होते. रोज सकाळी मी शाहपुरा तलावावर फिरायला जाते, तेव्हा त्या मागून येतात आणि मला ओलांडून पुढे निघून जातात. वय चौसष्ट. मी एक फेरी मारून बाकावर टेकते तोवर त्यांची दुसरी पूर्ण होते. त्यांचे गुडघे खराब असतील तर माझे मोडीतच काढायला हवे होते.

मग अक्षर बघितलं. नवऱ्याच्या फॉर्मवर जे अक्षर, तेच बायकोच्या. तीच शाई, तोच सात आकड्याला आडवा छेद. आणि फोन नंबर? अकरा जोडप्यांचे अकरा नंबर, सगळे पुरुषांचे.

मी भोपाळला एमपी नगरमधल्या एका ट्रॅव्हल कंपनीत सत्तावीस वर्षं आहे. क्रूझचं काम मीच बघते. अलास्काला मी स्वतः कधी गेलेली नाही, हेही सांगून टाकते. पण तिथल्या बंदरांची नावं आणि वेळा मला हबीबगंजच्या गाड्यांइतक्या पाठ आहेत. स्टेशनचं नाव बदललं, तरी आम्ही जुने लोक अजून हबीबगंजच म्हणतो.

क्रूझ म्हणजे नुसतं जहाजात बसणं नव्हे. जहाज सकाळी एका बंदराला लागतं, संध्याकाळी निघतं. मधल्या वेळात उतरून जी सहल करायची तिला ‘शोअर एक्सकर्जन’ म्हणतात. ती तिकिटात नसते, वेगळी निवडावी लागते. एकेका बंदरात वीस-वीस प्रकार असतात. बसमधून शहर बघा, बोटीतून व्हेल बघा, जुन्या रेल्वेने डोंगर चढा, हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरा आणि बर्फावर चाला. प्रत्येकापुढे ईझी, मॉडरेट किंवा स्ट्रेन्युअस लिहिलेलं असतं, म्हणजे दमायला किती होईल ते. खरं सांगायचं तर जहाज सगळ्यांना सारखंच दिसतं. ट्रिप कुणाची कशी झाली, ते या निवडीवर ठरतं.

त्यातून हा ग्रुप मे महिन्यात जाणार होता. तिकडे तेव्हा वसंत असतो. गर्दी कमी, भाडं कमी, डोंगरावर अजून भरपूर बर्फ. पण काही गोष्टी सुरूच झालेल्या नसतात. देवधर साहेबांनी पहिल्या बंदराला सगळ्यांसाठी नदीतले सामन मासे बघायची सहल निवडली होती. मे महिन्यात त्या नदीत मासा नसतो, तो पुढे उन्हाळ्यात येतो. नुसतं पाणी बघायला इतक्या लांब कशाला, आपला बडा तालाब आहे की. मी ती सहल खोडली आणि कारण लिहून पाठवलं. साहेबांना आवडलं नाही, पण पटलं.

आता देवधर साहेब कोण, ते सांगायला हवं. इथल्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात ते वरच्या हुद्द्यावर होते. पुण्याहून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. ग्रुपमधले बाकीचे दहा पुरुष कधी ना कधी त्यांच्या हाताखाली होते. सगळे रिटायर होऊन वर्षं झाली, पण हजेरी अजून साहेबच घेतात. इथल्या मराठी मंडळाची कुठलीही सहल असो, त्यांची एक्सेल शीट निघते. शीटमध्ये नाव नसेल तर माणूस आलाच नाही असं धरतात. मी चेष्टा करतेय, पण त्यांच्या शीटमुळे एकही बस कधी चुकलेली नाही, हेही खरं.

साहेबांनी दुसऱ्या बंदराला, म्हणजे जुनोला, बाविसांसाठी एक खास बस ठरवायला सांगितली होती. फक्त आपली माणसं, हिंदी बोलणारा गाइड, शाकाहारी जेवणाचे डबे. अशा बसला किमान वीस माणसं लागतात. एकोणीस झाली की बस रद्द. आमच्या सक्सेना सरांना, म्हणजे कंपनीच्या मालकांना, ही बस फार प्रिय होती, कारण तिच्यात कंपनीला चार पैसे जास्त सुटतात.

मी ते अकरा फॉर्म बाजूला काढले आणि अकरा घरी फोन केले. अकरा पुरुषांनी उचलले. मिसेसशी बोलू का म्हटलं, तर काय काम आहे, मला सांगा. एकाने तर सांगितलं की ती स्वयंपाकघरात आहे, आणि मागून टीव्हीचा आवाज आणि तिचं हसणं मला ऐकू येत होतं.

मग मी सगळ्यांना एक मेसेज पाठवला. महिला प्रवाशांनी जोखमीच्या कागदावर सही करायला मंगळवारी अकरा वाजता स्वतः ऑफिसात यावं, सही ज्याची त्याचीच लागते. यातलं निम्मं खरं होतं. सही ज्याची त्याचीच लागते. पण ती एमपी नगरला येऊन माझ्यासमोर करावी असा नियम जगात कुठे नाही. तो मी केला. मला त्याची लाज वाटत नाही.

मंगळवारी आठ जणी आल्या. मी चहा मागवला, कोरे फॉर्म वाटले आणि म्हटलं, हे आता आपापले भरा. पाच मिनिटं कुणी पेन उघडलं नाही. मग बोकारे वहिनींनी विचारलं, वजन खरं लिहायचं का? हेलिकॉप्टरमध्ये बसायचं असेल तर खरंच लिहा, ते तिथे काट्यावर उभं करतात, असं मी सांगितलं. तिथून हसणं सुरू झालं आणि पेनं चालायला लागली.

शुभाताई मात्र तशाच बसून होत्या. माहितीपत्रकातल्या जुनोच्या पानावर बर्फावर चालणाऱ्या माणसांचा फोटो होता, तो बघत होत्या. मी शेजारी जाऊन बसले आणि सहज विचारलं की आजवर कुठे कुठे फिरलात.

त्या सांगायला लागल्या. सांची, भीमबेटका, पचमढी, अमरकंटक, सलकनपूर दोनदा, वैष्णोदेवी. मंडळाची एकही सहल चुकवलेली नाही. मी म्हटलं, मग पचमढीला चौरागढ चढला असाल, केवढ्या पायऱ्या आहेत. त्या म्हणाल्या, नाही, मी खाली होते. सलकनपूरला? खालीच. वैष्णोदेवीला? कटऱ्याच्या लॉजवर. भीमबेटक्याला तर चढसुद्धा फारसा नाही, तिथे? पार्किंगमध्ये, बसमध्ये.

“गुडघ्यांमुळे?” मी विचारलं.

“छे. सामानाजवळ कोणीतरी बसायला लागतं ना,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदा मुलं लहान होती, मग सासूबाई असायच्या बरोबर. मग सवयच पडली. सगळे वर जायचे, जाताना बॅगा माझ्याकडे द्यायचे.”

मी विचारलं की तीन-तीन तास तुम्ही करायचात काय.

“उतरून येणाऱ्या लोकांचे चेहरे बघायचे. वर काय असेल त्याचा अंदाज येतो.”

हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. तक्रार नव्हती. राग मला आला, आणि तो कुठून आला तेही कळलं. माझे वडील नागपूरहून सरकारी ऑफिसबरोबर इथे आले, सेक्रेटरिएटमध्ये क्लार्क होते. वर्षातून एक सहल ठरलेली. आमच्या घरी त्या सगळ्या सहलींचे फोटो आहेत. गडावरचे, धबधब्याखालचे, देवळासमोरचे. एकाही फोटोत आई नाही. लहानपणी मला वाटायचं की फोटो आईच काढत असेल. आईला कॅमेरा धरता येत नव्हता. ती खाली होती.

आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिला मी कधी विचारलंच नाही. म्हणून शुभाताईंना विचारलं, यातलं तुम्हाला काय करायचंय?

त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. मी सगळं सांगितलं. स्ट्रेन्युअस आहे. हेलिकॉप्टर बर्फावर उतरवतं, मग गाइडबरोबर दोनेक तास चालायचं. बूट तेच देतात, बुटाखाली लोखंडी दाते असलेले पट्टे बांधतात, म्हणजे पाय घसरत नाही. ढग आले तर रद्द होतं, आणि मे महिन्यात ढग येतात. डॉक्टरचं पत्र आणा, मी पाठवते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बर्फ कडक असतो का भुसभुशीत?” हा प्रश्न मला सत्तावीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. मला उत्तर माहीत नव्हतं.

आठपैकी चार जणींनी हिमनदी लिहिली. शुभाताईंनी फॉर्म भरला, फोन नंबर स्वतःचा टाकला. शू साइज राहिला होता, तो नंतर मोजून सांगते म्हणाल्या. संध्याकाळी बोकारे काकांचा फोन आला. हळू आवाजात म्हणाले, माझंही नाव घाला हिच्याबरोबर, पण साहेबांना आत्ता सांगू नका.

बावीस वजा पाच, सतरा. खास बस गेली.

दुसऱ्या दिवशी सक्सेना सरांनी मला एक मेल पुढे पाठवला. देवधर साहेबांची फायनल शीट. तीन बंदरं, प्रत्येकापुढे रकाने: बस प्रमुख, औषधं, पाणी, कॅमेरा, सामान. सामानाच्या रकान्यात तिन्ही बंदरांना एकच नाव. सौ. देवधर.

मी तो रकाना बराच वेळ बघत बसले. मग फाइलचं नाव वाचलं. ‘सलकनपूर ट्रिप फायनल’. म्हणजे सलकनपूरच्या वेळी बनवलेली शीट, तीच दरवेळी कॉपी होत आली होती. गावाची नावं बदलली, तारखा बदलल्या, माणसं कमीजास्त झाली. हा एक रकाना तसाच राहिला. इतका काटेकोर माणूस, पण हे त्यांच्या नजरेलाच आलं नव्हतं. क्रूझवर सामान नसतंच. बॅगा पहिल्या दिवशी केबिनमध्ये ठेवायच्या, शेवटच्या दिवशी उचलायच्या. मधले सगळे दिवस माणूस मोकळ्या हातांनी उतरतो. लोक क्रूझ घेतात ती याच सुखासाठी. आणि आमच्या साहेबांनी साता समुद्रापार बायकोला सामानाजवळ बसवायची सोय केली होती.

गुरुवारी साहेब ऑफिसात आले. मला केबिनमध्ये बोलावणं आलं. ते खुर्चीत ताठ बसले होते, सक्सेना सरांच्या चेहऱ्यावर माफी मागायची तयारी होती.

साहेब म्हणाले की तुम्ही आमचा ग्रुप फोडलात. बायकांना परस्पर बोलावून त्यांच्या डोक्यात काहीतरी भरवलंत. आमच्याकडे जे होतं ते एकत्र होतं, प्रत्येकाचा वेगळा कार्यक्रम ही आमची पद्धत नाही. आवाज चढला नव्हता, तो त्यांना चढवावा लागत नाही. त्यांचं म्हणणं सोपं होतं. ते पाच फॉर्म रद्द करा आणि आम्ही भरलेले पहिले फॉर्म पाठवा.

“मैडम, कर दीजिए,” सक्सेना सर म्हणाले. “बात खतम.”

मी म्हटलं, नहीं करूँगी. त्या कागदावर सही प्रवाशाची लागते. पहिल्या फॉर्मवरच्या सह्या नवऱ्यांनी केलेल्या आहेत. उद्या कुणाला काही झालं तर ऑपरेटर विचारेल की ही सही कुणाची. मी ती पुढे पाठवणार नाही.

सर म्हणाले की मग फाइल दुसऱ्या कुणाला देतो. मी म्हटलं खुशाल द्या. मला रिटायर व्हायला आठ महिने राहिले आहेत, हवं तर तेही घ्या. पण ज्या दिवशी ते फॉर्म बदलले जातील, त्या दिवशी मी त्या चौघींना फोन करून सांगेन. आता माझ्याकडे त्यांचे नंबर आहेत.

“आप ट्रैवल बेचती हैं या झगड़ा?” सर वैतागून म्हणाले.

मी शीटची प्रिंट साहेबांसमोर ठेवली आणि सामानाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“साहेब, जुनोला सामान कुठलं आहे?”

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं.

“हँडबॅग्ज असतात,” ते म्हणाले. “पाण्याच्या बाटल्या. स्वेटर. कोणीतरी लागतंच.”

“कोणीतरी नाही, साहेब. नाव लिहिलंय तुम्ही.”

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. शुभाताई होत्या. मला माहीतच नव्हतं की त्या आल्या आहेत. साहेबांनी त्यांना बाहेर रिसेप्शनच्या सोफ्यावर बसवलं होतं, लॅपटॉपची बॅग आणि भाजीची पिशवी घेऊन. केबिनचं दार पातळ प्लायवूडचं आहे, बाहेर सगळं ऐकू जातं.

त्यांनी लॅपटॉपची बॅग साहेबांच्या मांडीवर ठेवली.

“ही तुमची बॅग,” त्या म्हणाल्या. “मी जाणार आहे त्या बर्फावर. सुनीता, माझा पाय चार नंबरचा आहे. सहा नाही.”

भाजीची पिशवी मात्र त्यांनी स्वतःच घेतली आणि बाहेर गेल्या. पाठोपाठ साहेबही उठले. त्या दोघांचं घरी काय झालं ते मला माहीत नाही. फॉर्म बदला असा फोन पुन्हा आला नाही, एवढंच खरं. खास बस रद्द झाली, उरलेले सतरा जण जहाजाच्या साध्या बसने जाणार असं ठरलं. सक्सेना सर महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. मला चाललं. कामापुरतं बोलणारा मालक मिळायला नशीब लागतं.

मे महिन्यात ग्रुप निघाला. आमच्या वेळेत आणि तिथल्या वेळेत साडेतेरा तासांचा फरक. जुनोचा दिवस उजाडला तेव्हा माझ्याकडे संध्याकाळचे साडेआठ होते, मी पोळ्या लाटत होते. फोन वाजला. देवधर साहेब.

“ढग आहेत,” ते म्हणाले. “हेलिकॉप्टर रद्द. मी म्हणालो होतो तुम्हाला.”

त्यांच्या आवाजात आनंद होता असं मी म्हणणार नाही. पण दुःखही नव्हतं. पैसे परत मिळतात, ते मी सांगितलं. मग म्हटलं की उद्या पुढच्या बंदराला, स्कॅग्वेला, अशीच सहल असते. जहाजात पाचव्या मजल्यावर एक्सकर्जनचा डेस्क आहे, तिथे आत्ता लगेच जाऊन विचारा, सीट असतील तर देतील. ते म्हणाले, राहू द्या आता. उद्या सगळ्यांची रेल्वे ठरलेली आहे. ही बसमध्ये बसेल आज आमच्याबरोबर. आणि फोन ठेवला.

मी पोळी तव्यावर टाकली आणि ती करपली. सत्तावीस वर्षांत सहली रद्द झालेल्या पुष्कळ बघितल्या, ढगांवर मी कधी चिडले नव्हते. त्या दिवशी चिडले. सहा हजारांहून जास्त मैल लांब, माझ्या हातात काही नव्हतं. डेस्कवरच्या बाईला इंग्रजीत सांगणार कोण? शुभाताई इंग्रजी वाचतात, पण बोलायची वेळ आली की साहेबांकडे बघतात. आणि साहेब तर राहू द्या म्हणत होते.

अर्ध्या तासाने मेसेज आला. साहेबांच्या नंबरवरून नव्हे. जो नंबर शुभाताईंनी त्या मंगळवारी फॉर्मवर टाकला होता, त्यावरून.

“उद्याच्या पाच सीट मिळाल्या. मी गेले होते डेस्कवर. पहिल्यांदा ती बाई म्हणाली फुल आहे. मी तिथेच उभी राहिले. मग मिळाल्या.”

तिथेच उभी राहिले. मला ते चित्र दिसत होतं. तासन्‌तास एका जागी थांबायची इतकी सवय दुसऱ्या कुणाला असणार?

स्कॅग्वेला आकाश मोकळं होतं. पुढचं मला बोकारे काकांनी सांगितलं. हेलिपॅड धक्क्यापासून जवळच आहे, चालत जाता येतं. साहेब रेल्वेला गेले नाहीत. काही झालं तर कोणीतरी असावं, असं म्हणत पाचांबरोबर हेलिपॅडपर्यंत आले. तिथे वजनं झाली, बूट मिळाले, आणि मग तिथल्या मुलीने सांगितलं की हेलिकॉप्टरमध्ये फोन आणि गळ्यातला कॅमेरा सोडून बॅग, पर्स, काहीही नेता येणार नाही. हा नियम माझा नाही, सगळीकडे असतो. लॉकर असतात त्यासाठी. पण आमच्या बायका परक्या लॉकरवर विश्वास ठेवतात होय? चौघींनी चार पर्स आणि बोकारे काकांनी आपली कॅमेऱ्याची बॅग साहेबांच्या हवाली केली. साहेब बाकावर बसले. अडीच तास.

सकाळी उठले तेव्हा फोनवर दोन फोटो आले होते. एकात शुभाताई बर्फावर उभ्या होत्या, हातात काठी, पायात लोखंडी दात्यांचे बूट, खाली साडीऐवजी सुनेची पॅंट. मागे मैलभर निळसर पांढरं. चेहऱ्याबद्दल मी काही लिहीत नाही, मला नीट जमणार नाही. खाली त्यांनी एक ओळ लिहिली होती: “वरून भुसभुशीत, आतून कडक.” माझ्या न दिलेल्या उत्तराचं उत्तर.

दुसरा फोटो बोकारे काकांनी परत आल्यावर काढलेला. बाकावर देवधर साहेब, मांडीवर दोन पर्स, खांद्याला दोन, पायांशी कॅमेऱ्याची बॅग. हा फोटो त्यांनी फक्त मला पाठवला आणि थोड्या वेळाने डिलीट केला. तोवर मी बघितला होता.

जूनमध्ये साहेब ऑफिसात एकटे आले. मला वाटलं, आता साध्या बसबद्दल तक्रार येणार. तक्रार होती. गाइडचं इंग्रजी कळलं नाही, जेवणात बटाट्याशिवाय काही नव्हतं. मी लिहून घेतलं. चहा आला, तो प्यायले.

“अडीच तास फार असतात हो,” ते म्हणाले.

मी वही मिटली.

“हेलिकॉप्टर उतरलं. ही बाहेर आली. मी तिचा चेहरा बघितला.” त्यांनी रिकामा कप बशीत ठेवला. “चाळीस वर्षांत वर काय काय होतं ते मी तिला सांगितलं असेल. पण मी उतरून आलो की ती माझ्याकडे बघत असायची, हे मला माहीतच नव्हतं. तिने परवा सांगितलं.”

मला त्यांना टोमणा मारता आला असता. माझ्याकडे दोन-तीन तयारही होते. मी ते ठेवून दिले.

जाताना त्यांनी मंडळाच्या डिसेंबरच्या सहलीची शीट दिली. मांडू. फाइलचं नाव अजूनही ‘सलकनपूर ट्रिप फायनल’ होतं, ते काही सुटायचं नाही. बस प्रमुख, औषधं, पाणी, कॅमेरा, सगळी नावं जागच्या जागी. शेवटच्या रकान्यात, सामानापुढे, साहेबांनी लिहिलं होतं: ‘ज्याचं त्याने’.

आमच्या ऑफिसच्या फॉर्मवर आता सगळ्यात वर एक ओळ छापलेली असते. हा फॉर्म ज्याचा आहे त्यानेच भरावा, नंबरही स्वतःचाच द्यावा. ती मी छापून घेतली, सक्सेना सरांना न विचारता. ते म्हणाले, इससे क्या होगा, मैडम?

पुढच्याच ग्रुपमध्ये चौदा बायका होत्या. खराब गुडघे निघाले तीन.